पवळाबाईचा वाटा

आमच्या जालन्याच्या बचत गटातली एक बाई भजनी मंडळ सोडून गेली आणि वाद पेटला: तिनं रचलेली गाणी आम्ही म्हणायची की नाही? मला पवळाबाई आठवली. पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी, लावण्या रचायचे. तमाशाच्या फडात पवळाबाईनं त्या गाजवल्या. पुढे ती फड सोडून गेली. लावणीच्या शेवटी नाव राहिलं बापूरावांचं. तिचा गळा कुठल्या ओळीत लिहिणार? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द लिहिणाऱ्याचा, चाल बांधणाऱ्याचा हक्क होता. गाणारीचा आला थेट १९९४ च्या दुरुस्तीत. आमच्या बाईनं तर शब्दही स्वतःच रचलेत. तिला निरोप धाडलाय: तू हो म्हटलंस तरच म्हणू, आणि आधी तुझं नाव घेऊ. अजून उत्तर नाही.