मोठ्या उदरीय हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतरची श्वसन गुंतागुंत

पोटाच्या भिंतीतील कमकुवत जागेतून किंवा जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणातून आतडी व चरबी बाहेर येणे म्हणजे उदरीय हर्निया (अंतर्गळ) होय. फार मोठ्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर श्वसनास अडथळा येऊन रुग्णाच्या जिवाला धोका उद्भवू शकतो. त्याच्या प्रतिबंधाची तयारी शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून करावी लागते.

== कारणे ==
अवयव दीर्घकाळ बाहेर राहिल्याने उदरपोकळी आकसते व बाजूचे स्नायू आखूड होतात. अशा वेळी अवयव एकदम आत घालून भिंत ताणून शिवल्यास पोटातील दाब वाढतो, श्वासपटल वर ढकलले जाते आणि फुफ्फुसे पुरेशी प्रसरण पावत नाहीत. हा दाब सतत १२ मिमी पारा किंवा त्याहून अधिक राहणे असाधारण मानले जाते. तो सतत २० मिमीच्या वर राहून एखादा अवयव नव्याने निकामी होऊ लागल्यास ती आणीबाणीची स्थिती असते. याशिवाय वेदनेमुळे रुग्ण खोल श्वास घेणे व खोकणे टाळतो. त्यामुळे कफ साचतो, वायुकोश मिटतात आणि न्यूमोनिया होऊ शकतो.

== पूर्वतयारी ==
धूम्रपान किमान चार आठवडे आधी बंद करणे, वजन कमी करणे, दम्यासारख्या विकारांवर उपचार आणि श्वसनाचे व्यायाम यांवर भर दिला जातो. सीटी स्कॅनवरून हर्नियाच्या पिशवीचे व उदरपोकळीचे आकारमान ताडून पाहतात. अर्जेंटिनाचे शल्यचिकित्सक इव्हान गोन्यी मोरेनो यांनी १९४० च्या दशकात पोटात टप्प्याटप्प्याने हवा भरून पोकळी वाढवण्याची पद्धत मांडली. बाजूच्या स्नायूंना बोट्युलिनम विषाची इंजेक्शने देऊन ते शिथिल करण्याची पद्धतही वापरली जाते.

== शस्त्रक्रियेदरम्यान ==
स्नायूंचे थर एकमेकांपासून मोकळे करून भिंत कमी ताणात जोडता येते. ही पद्धत १९९० मध्ये ऑस्कर रामिरेझ व सहकाऱ्यांनी वर्णिली. भिंत मिटवताना भूलतज्ज्ञ श्वसनमार्गातील दाबावर लक्ष ठेवतात. तो फार वाढल्यास भिंत पूर्ण न मिटवता मधली जागा जाळीने सांधली जाते.

== शस्त्रक्रियेनंतर ==
एपिड्युरल भूल किंवा अन्य मार्गाने वेदना आटोक्यात ठेवणे, डोक्याकडील बाजू उंच ठेवणे, खोल श्वासाचे व्यायाम, पोटाला उशीचा आधार देऊन खोकणे आणि लवकर चालणे हे मुख्य उपाय आहेत. गरज भासल्यास रुग्णास काही काळ कृत्रिम श्वसनावर ठेवतात. पोट फुगून घट्ट होणे, धाप लागणे व लघवी कमी होणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी मूत्राशयातील नळीद्वारे पोटातील दाब मोजतात. इतर उपायांनी तो न उतरल्यास पोट पुन्हा उघडावे लागते.