पोवाड्यापासून भित्तिपत्रकापर्यंत

आपली शाळा ज्या वसाहतीत उभी आहे, तिचे मूळ नाव विनयनगर. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वसविलेल्या या वसाहतीला पुढे सरोजिनी नायडू यांचे नाव मिळाले. आज दिल्लीत ‘सरोजिनी’ म्हटले की लोकांना स्वस्त कपड्यांचा बाजार आठवतो. कवयित्री क्वचितच कोणाला आठवते. १९०५ साली ‘द गोल्डन थ्रेशोल्ड’ हा काव्यसंग्रह प्रसिद्ध करणारी ही स्त्री १९१७ मध्ये स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी घेऊन भारतमंत्री माँटेग्यू यांच्यापुढे गेलेल्या शिष्टमंडळाच्या अग्रभागी होती आणि १९३० च्या मे महिन्यात धारासणाच्या मिठागरावरील सत्याग्रहींचे नेतृत्व करीत होती. कविता आणि नागरिकत्व यांची इतकी निकटची सोयरीक ज्या नावात आहे, त्या नावाखाली आपण साठ वर्षे मुलांना चित्रकला आणि नागरिकशास्त्र हे दोन वेगवेगळ्या तासांना शिकविले.

शाळेची स्थापना, वाढती-घटती पटसंख्या, शालान्त परीक्षांचे निकाल यांविषयी या स्मरणिकेत इतरांनी लिहिलेच आहे. मला लिहावयाचे आहे ते या दोन तासांमधील अंतराविषयी.

महाराष्ट्रात हे अंतर फारसे कधी नव्हते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले, तेव्हा प्रेक्षकांना कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन आणि द्रौपदी म्हणजे भारतभूमी हे कोणी समजावून सांगावे लागले नाही. सरकारलाही ते कळले व १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. (दिल्लीतील कर्झन रोड आज कस्तुरबा गांधी मार्ग आहे. इतिहासाचे हेही एक नाट्यच.) सत्यशोधकी जलसे तमाशाच्या ओळखीच्या घाटातून शेतकऱ्याला सावकाराचे आणि भिक्षुकाचे व्यवहार उलगडून दाखवीत. पुढे भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलशातून तेच काम अधिक धारदार केले. तमाशातील गणगौळण मागे सरली आणि त्या जागी शिक्षणाचा, पाणवठ्याचा आणि माणुसकीच्या हक्काचा विषय आला.

परंतु शाळेत शिकविणाऱ्या माझ्यासारखीला सर्वांत जवळचा वाटतो तो राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाचा इतिहास, कारण त्यात मुले होती, तरुण होते आणि एक शिक्षक होता.

१९४६ च्या अखेरीस साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषणाचा निश्चय केला. सेनापती बापटांनी त्यांना थांबविले: आधी लोकांपर्यंत जा, लोकमत तयार करा, मग उपोषणाचा विचार करा. गुरुजींनी ते मानले आणि पुढचे काही महिने महाराष्ट्र पालथा घातला. त्या दौऱ्यात सेवा दलाचे कलापथक त्यांच्या सोबतीला होते. कलापथकाची रीत साधी होती. रंगमंच म्हणजे देवळापुढील पटांगण किंवा चावडी, उजेड गॅसबत्तीचा, साहित्य म्हणजे डफ, तुणतुणे आणि खणखणीत गळे. पोवाडा होई, एखादी नाटिका होई, आणि त्यानंतर गुरुजी बोलत.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. भाषण आधी असते, तर अर्धा गाव आलाच नसता. जो आला असता तो मत घट्ट धरून बसला असता. गाणे ऐकण्यासाठी मात्र सगळेच येतात. ज्यांनी एकमेकांच्या शेजारी बसायचे नाही असा शतकांचा शिरस्ता होता, तीही माणसे त्याच पटांगणाच्या वेगवेगळ्या कडांना येऊन तेच गीत ऐकत, त्याच ठिकाणी हसत. एकदा एकत्र हसल्यावर ‘विहीर तेवढी वेगळी’ असे म्हणणे थोडे अवघड होते. या दौऱ्यात गावोगावच्या कित्येक विहिरी व देवळे खुली झाली. पंढरपूरचे बडवे मात्र बधले नाहीत. १ मे १९४७ रोजी गुरुजींनी उपोषण आरंभिले आणि दादासाहेब मावळंकरांच्या मध्यस्थीनंतर १० मे रोजी ते सुटले. हेच मावळंकर पुढे येथे दिल्लीत पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झाले.

उपोषणाचे ते दहा दिवस पाठ्यपुस्तकात असतात. त्याआधीचे महिने, डफाचे आणि गॅसबत्तीचे, सहसा नसतात. माझ्या मते खरे काम त्या महिन्यांत झाले. याच कलापथकाच्या परंपरेत पुढे वसंत बापट, लीलाधर हेगडे, निळू फुले घडले आणि पु. ल. देशपांड्यांनी ‘पुढारी पाहिजे’ लिहिले. मतदाराला स्वतःवर हसायला लावणारे ते लोकनाट्य म्हणजे नागरिकशास्त्राचा उत्तम धडाच होय.

दिल्लीत आलेल्या मराठी कुटुंबांनी आपल्यासोबत गणेशोत्सव आणला, नाट्यसंगीत आणले, दिवाळी अंक आणले. कलापथक मात्र गावीच राहिले. याचे कारण समजण्यासारखे आहे. आपले बहुतेक पालक सरकारी नोकर, आणि १९६४ चे वर्तणूक नियम त्यांना तोंडपाठ. म्हणून आपल्या स्नेहसंमेलनात शिवाजी महाराज आले, झाशीची राणी आली. वसाहतीतील तुंबलेले गटार कधी आले नाही. परिपत्रक आले की घोषवाक्य स्पर्धा व्हायची, स्वच्छतेवर चित्रे निघायची, प्रमाणपत्रे वाटली जायची. त्यात कोणाचेही काहीच पणाला लागलेले नसे, आणि मुलांना ते बरोबर कळत असे.

मग २०१८ चा जून महिना आला. सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर अशा सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासासाठी चौदा ते सोळा हजार झाडे तोडली जाणार, असे वर्तमानपत्रांत छापून आले. रविवारी, २४ तारखेला लोक सरोजिनीनगरात जमले. कोणी हातांनी रंगविलेले फलक आणले होते, कोणी नुसतेच झाडांना मिठी मारून उभे राहिले. १९७४ साली रेणी गावात गौरादेवी व त्यांच्या सोबतिणींनी जे केले आणि घनश्याम सैलानींनी ज्या चिपको आंदोलनाची गाणी डोंगरोडोंगरी नेली, त्याचाच हा शहरी अवतार होता. दुसऱ्या दिवशी प्रकरण उच्च न्यायालयापुढे आले आणि ४ जुलैपर्यंत झाडे न तोडण्याचे ठरले. त्या दिवशी ही मनाई पुढेही वाढविण्यात आली. पुनर्विकास त्यामुळे टळला नाही, पुढे सुरूच राहिला. पण कोणती झाडे, किती आणि का, हे प्रश्न उघडपणे विचारले गेले.

शाळेला तेव्हा सुट्टी होती. तरीही आठवी-नववीतील दहा-बारा मुले माझ्याकडे आली. त्यांनी क्वार्टरांच्या मागची झाडे एकेक करून पाहिली होती. पिलखन, कडुनिंब, जांभूळ, पिंपळ. प्रत्येकाचे चित्र, घेर आणि त्या झाडाखाली काय चालते याची दोन वाक्ये त्यांनी लिहून आणली होती. एका पिलखनाखाली इस्त्रीवाल्याची टपरी, एकाखाली आजीबाईंची दुपारची बैठक. ही भित्तिपत्रके शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर, रस्त्याकडेच्या बाजूस लावू द्या, एवढीच त्यांची विनंती होती.

मी ती मान्य केली नाही. पालकांच्या नोकऱ्या, व्यवस्थापनाची नाराजी, ‘शाळेने राजकारण करू नये’ असे सारे माझ्या मनात येऊन गेले. चित्रे आतल्या सभागृहात लावू, असे मी म्हटले. शाळा उघडल्यावर ती तशी लागलीही. पालकसभेला आलेल्यांनी ती पाहिली, चांगली आहेत म्हणाले. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही ती दिसली नाहीत. साने गुरुजी वर्गात शिकविणारी मी, पटांगण मागितले असता मुलांना सभागृह दिले.

पुढे त्या मुलांपैकी बहुतेकांची क्वार्टरे रिकामी झाली आणि ती दूरच्या वसाहतींत गेली. चित्रकलेच्या बाईंनी ती पत्रके फेकली नव्हती, बांधून ठेवली होती. हीरक महोत्सवाच्या प्रदर्शनासाठी कपाटे उघडली तेव्हा तो गठ्ठा सापडला. या वेळी ती पत्रके बाहेरच्या भिंतीवर, फाटकापासून बसथांब्यापर्यंत लावली आहेत. पहिल्याच दिवशी एक गृहस्थ इस्त्रीच्या टपरीच्या चित्रापुढे बराच वेळ उभे होते. ‘हे झाड आता नाही,’ ते म्हणाले, आणि पुढच्या चित्राकडे वळले.