भिंतीवरील अक्षरे : म्यूनिक १९३७ आणि लॉस एंजेलिस १९९१

जुने प्रदर्शन संग्रहालयात पुन्हा उभे करावयाचे म्हणजे केवळ चित्रे जमवावयाची नसतात. १९ जुलै १९३७ रोजी नाझी राजवटीने म्यूनिक येथे ‘अवनत कला’ या नावाने प्रदर्शन भरविले. त्यात ३२ संग्रहालयांतून जप्त केलेल्या सुमारे ६५० कलाकृती निंदेसाठी मांडल्या होत्या. २० लक्षांहून अधिक लोकांनी ते पाहिले. १९९१ साली स्टेफनी बॅरन यांनी लॉस एंजेलिस काउंटी कलासंग्रहालयात त्याची पुनर्रचना केली, तेव्हा त्यांपैकी सुमारे १७५ कलाकृतीच एकत्र आणता आल्या. उरलेल्यांपैकी कित्येक नष्ट वा बेपत्ता झाल्या होत्या. मूळ मांडणी समजण्यास छायाचित्रांचाच मोठा आधार होता.

त्या छायाचित्रांत चित्रांइतकीच अक्षरे डोळ्यांत भरतात. भिंतींवर उपहासाची वाक्ये रंगविलेली. चित्रापाशी त्याची किंमत, आणि ती कष्टकरी जर्मन जनतेच्या करांतून दिल्याचा शेरा. यांतील कित्येक आकडे चलनफुगवट्याच्या काळातले होते. तसा खुलासा मात्र कोठेच नव्हता. आकडा खरा, अर्थ खोटा! ही अक्षरे गाळली तर त्या प्रदर्शनाचा कावा कळत नाही; जशीच्या तशी पुन्हा रंगविली तर चित्रांची दुसऱ्यांदा विटंबना होते. ती छायाचित्रांतून दाखविणे हेच त्यातल्या त्यात प्रामाणिकपणाचे.

फ्रान्झ मार्क यांचे ‘निळ्या घोड्यांचा मनोरा’ हे चित्र तर म्यूनिकमध्येही अखेरपर्यंत राहिले नाही. मार्क १९१६ साली व्हर्दूनच्या रणांगणावर पडले होते. लष्करी अधिकाऱ्यांच्या संघटनेने निषेध केल्यावर ते उतरविण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचा ठाव लागलेला नाही.