दुखणं फोनवर सांगता आलं, गोळी मात्र मिळेना

रत्नागिरीहून बोलतोय, आणि आजचा विषय आहे महिनोन्‌महिने मुक्काम ठोकून बसणारं दुखणं.

२५ मार्च २०२०, लॉकडाऊनचा पहिला दिवस. एसटी बंद, कोकण रेल्वेच्या प्रवासी गाड्या बंद. आपल्याकडचे कॅन्सरचे कितीतरी पेशंट परळच्या टाटाला जातात, त्यांचा रस्ताच संपला. नेमकी त्याच दिवशी केंद्राची टेलिमेडिसिनची नियमावली आली: डॉक्टरांनी फोनवर, व्हिडिओवर तपासावं, प्रिस्क्रिप्शन पाठवावं. एप्रिलमध्ये ई-संजीवनी ओपीडीही सुरू झाली. भारी ना?

पण तिच्यात एक बंदीची यादी होती. एनडीपीएस कायद्यातली औषधं फोनवरून लिहून द्यायची नाहीत. म्हणजे मॉर्फिन नाही. ट्रॅमाडॉलसुद्धा नाही, कारण २०१८ मध्ये तेही या कायद्याखाली आलं होतं. डोकं दुखतंय त्याला पॅरासिटामॉल घरबसल्या, आणि ज्याला रात्र-रात्र झोप नाही त्याने दवाखाना गाठायचा!

हा कायदा १९८५ चा, नशेच्या व्यापाराविरुद्धचा. मॉर्फिन ज्या अफूपासून बनतं ती आपल्याच देशात, मध्य प्रदेश-राजस्थानात सरकारी परवान्याने पिकते. पण कायद्यानंतर हॉस्पिटलांना त्यासाठी चार-पाच परवाने लागायला लागले, आणि कागदात चूक झाली तर तुरुंगाची भीती. मग कोण ठेवणार? पुढच्या दशकभरात औषध म्हणून मॉर्फिनचा वापर ९० टक्क्यांहून जास्त घटला. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं झगडले, तेव्हा २०१४ मध्ये संसदेने दुरुस्ती केली. परवाना एकच झाला. तोवर डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिन न हाताळताच कॉलेजातून बाहेर पडली होती.

म्हणून २०२० चा नियम मला अपघात वाटत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर जुना कोड न तपासता नव्या सिस्टीममध्ये कॉपी-पेस्ट. गैरवापराची भीती खोटी नाही, मान्य. पण जुना पेशंट, ठरलेला डोस, ओळखीचा डॉक्टर, एवढ्यासाठी तरी वाट ठेवायची. ही औषधं एकदम थांबली की दुखणं परततंच, वर घाम, जुलाब, तळमळ.

त्यात ३ जूनला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडात वीज गेली, मोबाइलची रेंज गेली. तिथे तर फोनवरचा डॉक्टरही उरला नाही.

महामारी सरली, फोनवरची ओपीडी राहिली. मॉर्फिनसाठी मात्र डॉक्टरांसमोर जाऊन बसावंच लागतं. तुमच्या घरात असा पेशंट असेल तर पुढच्या व्हिजिटला दोन गोष्टी विचारा: ही गोळी जवळात जवळ कुठे मिळते, आणि रस्ता बंद झालाच तर घरात किती दिवसांची ठेवता येईल?