हिमरू, पैठणी आणि नमुन्याचे चित्र

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे 2023 पर्यंतचे औरंगाबाद, येथील हिमरू आणि जवळच्या पैठणची पैठणी यांचा इतिहास बहुधा राजाश्रयाच्या अंगाने लिहिला जातो. विक्रीच्या अंगाने त्याचे अवलोकन केले असता मात्र एक निराळाच प्रश्न पुढे येतो. ज्या चित्रामुळे गिऱ्हाईक लाभते, त्याच चित्रामुळे नमुना परक्याच्या हाती जातो. आज मोबाईलवरील चित्रांच्या आधारे स्वतःचे छोटे वस्त्रदालन चालविणाऱ्याला भेडसावणारी ही अडचण दीड शतकाहून जुनी आहे.

हिमरू हे सुती ताणा आणि रेशमी बाणा यांचे नक्षीदार कापड. किनखापाची शोभा त्याहून कमी मोलात देणारे, म्हणून त्याच्या नावाची व्युत्पत्ती ‘सारखे’ अशा अर्थाच्या फारसी शब्दाशी लावली जाते. महंमद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादेस हलविली तेव्हा विणकर येथे आले, असे परंपरा सांगते. ती लोककथा म्हणूनच घेणे इष्ट. निजामी अमलात शेरवानीसाठी या कापडाला सरदारवर्गाची मागणी होती, आणि अशा गिऱ्हाइकाला चित्राची गरज नव्हती. कापड हातात घेऊन, उलटसुलट पाहून खरेदी होत असे.

चित्र आणि नमुना यांच्या आधारे दूरवर माल खपविण्याची कल्पना या देशात प्रथम मोठ्या प्रमाणावर राबविली गेली ती विणकराकडून नव्हे, त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या सोयीसाठी. लंडनच्या इंडिया म्युझियममधील अधिकारी जॉन फोर्ब्स वॉटसन याने 1866 मध्ये भारतीय कापडाच्या 700 नमुन्यांचा 18 खंडांचा संच सिद्ध केला. असे 20 संच झाले. त्यांपैकी 13 ब्रिटनमध्ये आणि 7 भारतात ठेवण्याची योजना होती. खऱ्या कापडाचे तुकडे कापून चिकटविलेले, सोबत लांबी, रुंदी, वजन यांची नोंद. आणि वस्त्र कसे नेसतात ते दाखविणारा सचित्र ग्रंथ निराळा. धोतर, लुगडे, पागोटे ही न शिवता वापरावयाची वस्त्रे असल्यामुळे काठ कोठे यावा आणि पदर किती असावा हे कळल्याखेरीज मँचेस्टरच्या गिरणीस ती विणता येणे शक्य नव्हते. वॉटसन या संचांना औद्योगिक संग्रहालये म्हणत असे. संग्रहालय हा शब्द येथे फारच सौम्य वाटतो.

तथापि वॉटसनचा एक निष्कर्ष लक्षात घेण्याजोगा आहे. ब्रिटिश कारखानदाराने सामान्य जनतेच्या साध्या, स्वस्त कापडाकडे लक्ष द्यावे. नक्षीच्या भरजरी कापडात त्याला फारसा नफा नाही, असे त्याचे मत होते. हिमरू-पैठणीसारखी वस्त्रे तगली, त्याचे एक कारण येथे सापडते. त्यांचे रक्षण गुप्ततेने झाले नाही. विणण्याच्या कष्टाने झाले.

छायाचित्राने दरबारी पोशाखाला प्रतिष्ठा दिली ती पुढील काळात. सहावे निजाम महबूब अली खान यांचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी हैदराबाद संस्थानातील उमराव वर्ग टिपला. पडदानशीन स्त्रियांसाठी 1892 मध्ये स्त्री-संचालित चित्रशाळाही निघाली. ही चित्रे वस्त्र विकण्यासाठी नव्हती, पण वस्त्र परिधान करून चित्र काढवून घेण्याची हौस तिथून अंगवळणी पडली.

1948 मध्ये संस्थान विलीन झाले आणि जुना आश्रयदाता गेला. त्याची जागा अजिंठा-वेरूळ पाहण्यास येणाऱ्या प्रवाशाने घेतली. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीमुळे तोही थांबला. त्याच वर्षी जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने भारतात आखूड चलच्चित्रांची सोय केली, आणि व्हॉट्सअॅपवरून साडीची चित्रे पाठवून मागणी नोंदविण्याचा प्रघात बळावला.

या नव्या पेठेत कॅमेऱ्याचे गुणदोष उघड होतात. पैठणीचा ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा असल्याने येणारी धूपछाव स्थिर चित्रात हरवते, चलच्चित्रात दिसते. बांगडी मोर, आसावली, मुनिया ही रूपे मात्र स्थिर चित्रातही इतकी स्पष्ट उतरतात की संगणकावर चालणाऱ्या जॅकार्डला तेवढे पुरे होते. 1866 साली कष्टाचे जे कुंपण होते ते यंत्राने मोडले आहे. ‘सेमी पैठणी’ हा बाजारातील शब्दच त्याचा पुरावा. कायद्याचे साहाय्यही मर्यादित आहे. 1999 च्या भौगोलिक निर्देशनाच्या कायद्यान्वये पैठणीला 2010 मध्ये नोंदणी मिळाली, पण ते रक्षण नावाचे, मोराच्या आकृतीचे नव्हे. आणि 2000 च्या डिझाइन कायद्यास नवीन आकृती हवी असते, पिढ्यान्‌पिढ्या विणली जाणारी नव्हे.

म्हणून चाणाक्ष विक्रेता सुलटी बाजू दाखवून थांबत नाही. हाती विणलेल्या पैठणीच्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी असते, कारण प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या कांडीने गुंफला जातो. यंत्राच्या मालाच्या पाठीमागे सुटे धागे लोंबतात वा कापलेले दिसतात. पदर उलटून दाखविणारे एक चित्र हे दहा शोभिवंत चित्रांहून अधिक सांगते. हिमरूच्या बाबतीत मात्र ही कसोटी चालत नाही. त्याच्या पाठीवर सुटे धागे असणे हाच त्याचा स्वभाव, त्यामुळेच ते अंगाला मऊ लागते. आणि यंत्राची नक्कलही पाठीकडून जवळपास तशीच दिसते. तेथे गिऱ्हाइकाला दाखवावा लागतो तो प्रत्यक्ष माग, त्यावर बसलेला विणकर आणि दिवसभरात वाढलेले काही इंच कापड.