शेकडा पाचाने दोनशे वर्षे

बेंजामिन फ्रँकलिनने १७ जुलै १७८८ रोजी फिलाडेल्फियात मृत्युपत्र केले. त्यात तो स्वतःची ओळख देताना आधी ‘मुद्रक’ असे लिहितो. फ्रान्समधला अमेरिकेचा प्रतिनिधी आणि पेनसिल्व्हेनियाचा अध्यक्ष ही पदे त्यानंतर येतात. वीज आणि पतंग यांचा तर उल्लेखच नाही. पुढल्या वर्षी, २३ जून १७८९ रोजी, त्याने या मृत्युपत्राला एक लांबलचक पुरवणी जोडली. तेव्हा तो ८३ वर्षांचा होता, मूतखड्याने हैराण झालेला, आणि वेदना शमवायला अफू घेत होता. १७ एप्रिल १७९० रोजी तो वारला. मूळ मृत्युपत्र हा संसारी माणसाचा दस्तऐवज आहे: घर, जमिनी, पुस्तके, येणी. पुरवणीचा सूर वेगळा आहे. तिथे हा म्हातारा पुढची दोनशे वर्षे आखायला बसतो.

मूळ मृत्युपत्रात त्याने दोन हजार पौंड स्कुलकिल नदी नौकानयनासाठी मोकळी करण्याच्या कामाला ठेवले होते. एवढ्या रकमेत त्या कामाचे फारसे काही होणार नाही हे लक्षात येताच पुरवणीत ती तरतूद त्याने रद्द केली. तेच दोन हजार दुभागून एक हजार जन्मगाव बॉस्टनला आणि एक हजार कर्मभूमी फिलाडेल्फियाला दिले. हा पैसा कुठून आला तेही पुरवणीवरून कळते. लोकशाहीत सरकारी पदे कमाईची नसावीत असे त्याचे जुने मत होते, आणि पेनसिल्व्हेनियाचा अध्यक्ष म्हणून तीन वर्षांत मिळालेला पगार त्याला स्वतःसाठी वापरायचा नव्हता.

एखाद्या धनिकाने गावाला विहीर बांधून द्यावी किंवा देवळाला कळस चढवावा, तसे हे दान नाही. ही रक्कम खर्चायचीच नव्हती. ती तरुण कारागिरांना कर्जाऊ द्यायची होती. पंधरा पौंडांपेक्षा कमी नाही, साठांपेक्षा जास्त नाही. व्याज दर साल शेकडा पाच. व्याजासोबत मुद्दलाचा दहावा हिस्सा दरवर्षी परत. आलेला पैसा लगेच पुढच्या तरुणाला द्यायचा. कर्ज मागणारा पंचवीस वर्षांखालचा आणि विवाहित हवा, त्याच शहरात उमेदवारी केलेला हवा, करारातली सगळी कर्तव्ये त्याने इमानाने पार पाडलेली हवीत, आणि त्याच्या चालचलणुकीची हमी देणारे निदान दोन प्रतिष्ठित नागरिक जामीन हवेत.

या अटी कोरड्या वाटतात, पण आत्मचरित्र शेजारी ठेवले की त्यांना चेहरा येतो. १७३० मध्ये फ्रँकलिन चोवीस वर्षांचा होता. भागीदार मेरेडिथच्या वडिलांना छापखान्याच्या यंत्राचे पैसे भरता आले नाहीत आणि धनकोने दावा लावला. तेव्हा विल्यम कोलमन आणि रॉबर्ट ग्रेस हे दोन मित्र आपापले पैसे देऊ करत पुढे आले. जुलैमध्ये भागीदारी मोडून धंदा एकट्या फ्रँकलिनच्या हाती आला. सप्टेंबरात त्याने डेबोराशी संसार मांडला. पंचवीसच्या आत, विवाहित, पाठीशी दोन माणसे. दोन मित्रांच्या कर्जावरच आपल्या संपत्तीचा पाया घातला गेला, हे पुरवणीत त्याने स्वतःच नोंदवून ठेवले आहे. थोडक्यात, दर वर्षी काही तरुणांना १७३० सालच्या त्या उन्हाळ्यात उभे करायचे, अशी ही योजना होती.

एका अटीवर मात्र खुद्द तरुण फ्रँकलिन अडकला असता. बॉस्टनला थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात तो उमेदवारीच्या कराराने बांधला गेला होता आणि १७२३ मध्ये, सतराव्या वर्षी, करार अर्धवट टाकून पळाला होता. आत्मचरित्रात तो याला आयुष्यातल्या पहिल्या मुद्रणदोषांपैकी एक म्हणतो. पुरवणीतली अट शब्दशः लावली असती तर बॉस्टनच्या विश्वस्तांनी त्याचा अर्ज परत पाठवला असता. माझ्या मते ही नजरचूक नसावी. पुढच्या पिढ्यांनी आपले आयुष्य पुन्हा जगावे, पण दुरुस्त आवृत्तीत, असे त्याला वाटत असावे. कागदांवरून यापेक्षा जास्त म्हणता येत नाही.

आकडेमोडीबाबत शंकेला जागा नाही, कारण ती त्याने मांडूनच ठेवली. हजार पौंड शेकडा पाच चक्रवाढीने शंभर वर्षांत १,३१,००० होतील. त्यातले एक लाख सार्वजनिक कामांवर खर्चावेत. फिलाडेल्फियासाठी त्याने विसाहिकन ओढ्याचे पाणी नळाने शहरात आणायला सुचवले, कारण घरे आणि फरसबंदी वाढली की पावसाचे पाणी जमिनीत मुरत नाही आणि विहिरी बिघडतात. ही टीप आजच्या कोणत्याही शहराच्या आराखड्यात खपून जाईल. उरलेले ३१,००० आणखी शंभर वर्षे फिरवले की होतील ४०,६१,०००. हिशेब करून पाहिला तर काटेकोर चक्रवाढीने ही रक्कम ४०,७६,००० च्या पुढे जाते. फ्रँकलिनने दुसऱ्या शतकासाठी नव्याने गणित न करता ३१,००० ला सरळ १३१ ने गुणलेले दिसते. दोनशे वर्षांच्या अंतरावर पंधरा हजार पौंड इकडे की तिकडे!

ही कल्पना त्याची एकट्याची नव्हती. मातों द ला कूर या फ्रेंच लेखकाने १७८५ मध्ये फोर्चुने रिकार नावाच्या कल्पित गृहस्थाचे मृत्युपत्र प्रसिद्ध केले. हा रिकार शंभर-शंभर फ्रेंच लिव्रचे पाच वाटे करतो आणि ते शंभर ते पाचशे वर्षे वाढत ठेवून जगाचे भले करू पाहतो. रिकार हे नाव फ्रँकलिनच्या पंचांगातल्या ‘गरीब रिचर्ड’ची आठवण देणारे, आणि चेष्टा त्याच्या काटकसरीच्या उपदेशाची. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्रँकलिनने लेखकाला आभाराचे पत्र लिहिले. चार वर्षांनी तीच थट्टा त्याने कायदेशीर कागदावर उतरवली.

घरच्यांच्या वाट्याला काय आले, हे वाचताना सूर बदलतो. मुलगा विल्यम न्यू जर्सीचा राजनिष्ठ गव्हर्नर होता आणि युद्धात ब्रिटिशांच्या बाजूने राहिला. त्याला नोव्हा स्कोशियातली जमीन, त्याच्याकडेच असलेली पुस्तके व कागद, आणि खात्यावरच्या कर्जाची माफी, बस्स. शिवाय याहून अधिक का देत नाही याचे कारणही, युद्धातल्या वर्तनाचा उल्लेख करून, बापाने मृत्युपत्रातच लिहिले. मुलगी सॅरा हिला फ्रान्सच्या राजाचे ४०८ हिऱ्यांनी मढवलेले चित्र मिळाले, पण हिऱ्यांचे दागिने करून मिरवायचे नाहीत या विनंतीसह. तिने दागिने केले नाहीत. हिरे विकले आणि नवऱ्याबरोबर युरोप पाहून आली. जावई रिचर्ड बाख याचे मोठे कर्ज माफ झाले, पण त्याने त्याच्याकडचा गुलाम बॉब याला मुक्त करावे या अटीवर. जुन्या खातेवहीतली थकलेली येणी पेनसिल्व्हेनिया रुग्णालयाला मिळाली. व्यवस्थापकांनी ती तपासली आणि वसूल होण्यासारखी नाहीत म्हणून वही परत केली. कागदपत्रे नातू टेम्पलला मिळाली. त्याची आवृत्ती निघायला १८१७ साल उजाडले, आणि मूळ कागदांतला एक गठ्ठा पुढे लंडनमध्ये एका शिंप्याकडे सापडला.

स्वतःच्या थडग्याबद्दल त्याने फारच थोडे मागितले. तरुणपणी त्याने स्वतःसाठी एक चटकदार मृत्युलेख रचला होता: जीर्ण पुस्तकासारखे शरीर, सुधारून निघणारी नवी आवृत्ती वगैरे. मृत्युपत्रात त्याचा मागमूस नाही. सहा फूट लांब, चार फूट रुंद साधा संगमरवरी दगड, त्यावर बेंजामिन आणि डेबोरा ही नावे आणि साल. ते साल त्याने १७८ लिहून पुढचा अंक मोकळा सोडला होता. दशक संपायच्या आत आपण जाऊ असा त्याचा अंदाज होता. दगडावर १७९० कोरावे लागले.

निधीचे पुढे काय झाले? दोन्ही शहरांनी देणगी स्वीकारली, कर्जे दिली, आणि अडचणी सुरू झाल्या. कर्जे थकू लागली. जामिनांकडून वसुली म्हणजे डोकेदुखी. पण खरी अडचण काळाचीच होती. कारखाने आले तशी उमेदवारीची पद्धत मोडत गेली, आणि पंचविशीच्या आतला, लग्न झालेला, करार पुरा केलेला, दोन जामीनवाला कारागीर मिळेनासा झाला. बॉस्टनच्या कारभाऱ्यांनी पैसा कारागिरांऐवजी सुरक्षित गुंतवणुकीत ठेवला. फिलाडेल्फियाने कर्जाचा मार्ग धरून ठेवला, पण ढिला. परिणाम आकड्यांत दिसतो. फ्रँकलिनच्या हिशेबाने शंभर वर्षांनी प्रत्येक शहराकडे साधारण ५,८०,००० डॉलर असायला हवे होते. बॉस्टनकडे सुमारे ३,९१,००० होते, फिलाडेल्फियाकडे सुमारे ९०,०००. कारागिरांना विसरलेले शहर श्रीमंत राहिले. फ्रँकलिनच्या इच्छेशी जास्त प्रामाणिक कोण, हे आकडे सांगत नाहीत, आणि मला स्वतःला फिलाडेल्फियाबद्दल जिव्हाळा वाटतो.

शंभरी भरताच फ्रँकलिनच्या वंशजांनी फिलाडेल्फियात हा पैसा आपला म्हणून दावा लावला. तो फेटाळला गेला. विसाहिकनच्या नळाची गरज उरली नव्हती, कारण स्कुलकिलचे पाणी १८०१ पासूनच शहरात खेळत होते. तिथला पैसा पुढे फ्रँकलिन इन्स्टिट्यूट या विज्ञानसंस्थेकडे वळला. बॉस्टनमध्ये अँड्र्यू कार्नेगीने जोड रक्कम घातली आणि १९०८ मध्ये तांत्रिक शिक्षण देणारी फ्रँकलिन युनियन उघडली. अटी गेल्या, पण हाताने काम करणारा तरुण परत आला, यावेळी कर्जदार न राहता विद्यार्थी होऊन. विसाव्या शतकात फिलाडेल्फियाचा निधी घरांच्या तारणावर कर्जे देत राहिला.

१९९० मध्ये दोनशे वर्षे पुरी झाली. फ्रँकलिनच्या गणिताने प्रत्येक शहराकडे त्याच्या काळातल्या पौंडाच्या भावाने सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर असायला हवे होते. प्रत्यक्षात बॉस्टनकडे पन्नास लाखांच्या आसपास आणि फिलाडेल्फियाकडे वीस लाखांहून थोडे जास्त निघाले. पुरवणीप्रमाणे काही वाटा शहराचा आणि मोठा वाटा राज्याचा. त्यापुढची व्यवस्था लावण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे फ्रँकलिनने स्वतःच लिहिले आहे. बॉस्टनचा बराचसा पैसा तिथल्या त्याच तांत्रिक शिक्षणसंस्थेला मिळाला. फिलाडेल्फियात शहराच्या वाट्यातून स्थानिक विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या ठरल्या. त्यांना लग्नाची अट नव्हती, दोन जामिनांची नव्हती, आणि परतफेडीचीही नव्हती.