स्वतःच्या प्रतिमेवरील हक्क (जर्मनी)
छायाचित्राचा स्वामित्वहक्क ते काढणाऱ्याकडे असतो. छायाचित्रातील व्यक्तीच्या संमतीचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. जर्मन कायद्यात हा भेद एका उद्वेगजनक घटनेतून ठसला. ३० जुलै १८९८ रोजी जर्मनीचे माजी चॅन्सलर बिस्मार्क यांचे निधन झाले. त्या रात्री हँबुर्गचे दोन छायाचित्रकार खिडकीतून आत शिरले आणि मॅग्नेशियमच्या झगझगाटात त्यांनी मृतदेहाचे छायाचित्र टिपले. १८९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नष्ट करण्यास फर्मावले; मात्र आधार घ्यावा लागला तो घरात बेकायदा शिरल्याचा. प्रतिमेच्या हक्काचा नियमच नव्हता.

१९०७ च्या कायद्याने ही उणीव भरून काढली. प्रकाशनास व्यक्तीची संमती आवश्यक ठरली. मृत्यूनंतर दहा वर्षे ती नातेवाइकांनी द्यायची. निसर्गदृश्यात ओघाने आलेली माणसे, सभा, मिरवणुका, समकालीन इतिहासाशी निगडित प्रसंग आणि कलेचे उच्च हित हे अपवाद.

रस्त्यावरील छायाचित्रणाचा पेच २०१८ मध्ये संघीय घटना न्यायालयापुढे आला. बर्लिनमध्ये रस्ता ओलांडणाऱ्या एका अनोळखी स्त्रीचे छायाचित्र वर्दळीच्या रस्त्यालगत भल्यामोठ्या फलकावर लावले होते. हे छायाचित्रण कला असल्याचे न्यायालयाने मान्य केले, तरी असंख्य वाटसरूंपुढे तिला असे मांडणे हा गंभीर आघात मानणारा निर्णय कायम राहिला. हा तोल योग्यच वाटतो.

भारतातही असाच भेद दिसतो: १९५७ चा कॉपीराइट कायदा छायाचित्रकारालाच कर्ता मानतो; छायाचित्रातील व्यक्तीला मुख्य आधार सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालातील खासगीपणाच्या मूलभूत हक्काचा आहे.